यंत्रांनाही प्रसंगाचे भान हवे

दुर्बिणीतून पित्ताशय काढणे ही आता नेहमीची शस्त्रक्रिया. अमेरिकेत ३२ वर्षांच्या एका महिलेवर ती सुरू होती. पूर्ण भूल दिलेली होती आणि श्वास व्हेंटिलेटरवर चालला होता. मध्येच शल्यचिकित्सकांना पित्तनलिकेचा एक्स-रे हवा होता. श्वासाबरोबर पोट हलत राहिले तर चित्र पुसट येते, म्हणून भूलतज्ज्ञांनी काही क्षणांसाठी व्हेंटिलेटर थांबवला. ही रीतही नेहमीचीच. एक्स-रे काढून झाला, पण टेबलाखाली सरकवलेली फिल्म तंत्रज्ञाला बाहेर काढता येईना. भूलतज्ज्ञ मदतीला गेले. टेबलाची यंत्रणाच अडकली होती. बऱ्याच खटपटीनंतर फिल्म निघाली आणि शस्त्रक्रिया पुढे सुरू झाली. मग केव्हातरी भूलतज्ज्ञांची नजर ईसीजीच्या पडद्याकडे गेली. हृदयाचे ठोके अतिशय मंदावले होते. व्हेंटिलेटर पुन्हा सुरू करायचा राहूनच गेला होता. ती रुग्ण वाचली नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील ॲनेस्थेशिया पेशंट सेफ्टी फाउंडेशनच्या वार्तापत्रात ही घटना छापून आली. चूक माणसाची, असे म्हणून ती बाजूला ठेवता आली असती. पण त्या खोलीतील यंत्रांकडे पाहिले तर वेगळेच दिसते. आपण थांबलेलो आहोत, हे व्हेंटिलेटरला ठाऊक होते. चित्र काढून झाले आहे, हे एक्स-रे यंत्राला ठाऊक होते. ठोके मंदावत आहेत, हे ईसीजीला दिसत होते. तिन्ही यंत्रे एकाच टेबलाभोवती उभी होती, पण एकीचे दुसरीला काहीच कळत नव्हते. या तीन बातम्या एकत्र ठेवून 'चित्र निघाले, आता श्वास सुरू करा' एवढे सांगणारे तिथे कोणी नव्हते. ते काम एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडलेले होते, आणि तो माणूस त्या क्षणी अडकलेली फिल्म सोडवत होता.

यंत्रांच्या मध्ये बसून अशा बातम्या गोळा करणारी, त्यांचा अर्थ लावणारी आणि योग्य ठिकाणी पोचवणारी एक सॉफ्टवेअरची जात आहे. तिला मिडलवेअर म्हणतात. मिडलवेअर पडद्यावर दिसत नाही, त्याचा आवाज नसतो, त्याची जाहिरातही कोणी करत नाही. पण येत्या काळात अतिदक्षता विभाग किती सुरक्षित असेल, हे बऱ्याच अंशी या अदृश्य थरावर ठरणार आहे.

एकट्या आकड्याला अर्थ नसतो

मिडलवेअर समजून घेण्याआधी 'संदर्भ' म्हणजे काय ते पाहू. मधुमेहाचा रुग्ण ओपीडीत येतो आणि सांगतो, "डॉक्टर, साखर १७० आली." डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "उपाशीपोटी की जेवल्यावर?" मधुमेही व्यक्तीत जेवणानंतर दोन तासांनी १७० हा आकडा बहुधा समाधानकारक असतो. तोच आकडा सकाळी उपाशीपोटी आला, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. मोजणी तीच, यंत्रही तेच. वेळ आणि जेवण या दोन गोष्टींनी अर्थ बदलला.

संगणकशास्त्रात यालाच संदर्भ म्हणतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत संशोधन करणाऱ्या अनिंद डे यांनी त्याची केलेली व्याख्या आजही सर्वाधिक वापरली जाते. तिचा आशय असा, की माणूस, जागा किंवा वस्तू कोणत्या परिस्थितीत आहे हे सांगायला जी माहिती उपयोगी पडते, ती सारी माहिती म्हणजे संदर्भ. रुग्ण कुठे आहे, झोपला आहे की चालतो आहे, शेजारी कोण आहे, आता कोणते औषध सुरू आहे, खाट किती उंच आहे, हे सगळे संदर्भात मोडते. ही माहिती घेऊन आपले वागणे बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला संदर्भाचे भान असलेले सॉफ्टवेअर म्हणतात.

हे भान आपल्या खिशातही आहे. फोन कानाला लावला की पडदा बंद होतो. फोन आडवा धरला की चित्र आडवे होते. काही मनगटी घड्याळे नाडीच्या अनियमिततेची तपासणी माणूस स्थिर बसलेला असतानाच करतात, कारण हात हलत असेल तर नाडीचा प्रकाशीय आलेख बिघडतो. अमेरिकेत ४,१९,२९७ जणांवर झालेल्या ॲपल हार्ट स्टडीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अनियमित नाडीची सूचना फक्त ०.५२ टक्के लोकांना गेली. घड्याळाने प्रत्येक हालचालीला हृदयविकार मानले असते, तर लाखो निरोगी माणसे घाबरून दवाखान्यात धावली असती. केव्हा मोजू नये, हे कळणेही भानाचाच भाग आहे.

केंब्रिजमधला बिल्ला

या विचाराची सुरुवात रुग्णालयात झाली नाही, ती झाली कार्यालयात. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटी कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तिथे रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या छातीवर लावायचा एक लहानसा बिल्ला तयार केला. दर पंधरा सेकंदांनी तो अवरक्त प्रकाशाचा एक संकेत सोडायचा. अवरक्त प्रकाश भिंतीतून आरपार जात नाही, त्यामुळे ज्या खोलीतील यंत्राने संकेत टिपला, त्या खोलीत माणूस आहे हे नक्की. मग त्या माणसासाठी आलेला फोन ऑपरेटरला त्याच्या जवळच्या टेलिफोनवर जोडून देता यायचा. या 'ॲक्टिव्ह बॅज'चे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइल फोन सर्रास नसलेला तो काळ होता.

त्याच सुमारास, १९९१ मध्ये, अमेरिकेतील झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेचे मार्क वायझर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात एक लेख लिहिला. येत्या शतकात संगणक टेबलावरून उठून भिंतीत, वस्तूंत, कपड्यांत विरघळून जाईल आणि माणसाला त्याची जाणीवही राहणार नाही, असा त्यांचा विचार होता. त्याच प्रयोगशाळेशी संबंधित बिल शिलिट आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या लेखनातून 'संदर्भाचे भान' हा शब्दप्रयोग संगणकशास्त्रात रुळला.

पण एक अडचण वारंवार येऊ लागली. असे प्रत्येक ॲप्लिकेशन मुळापासून लिहावे लागत होते. बिल्ल्याशी बोलायचे कसे, तापमापकाशी कसे, दाराच्या कुलपाशी कसे, हे प्रत्येक वेळी नव्याने शिकवावे लागे. सेन्सर बदलला की सगळे सॉफ्टवेअर बदला. १९९९ मध्ये अनिंद डे, डॅनियल साल्बर आणि ग्रेगरी अबाउड यांनी यावर उपाय म्हणून 'कॉन्टेक्स्ट टूलकिट' मांडले. सेन्सर आणि ॲप्लिकेशन यांच्यामध्ये एक थर असावा. सेन्सरच्या भानगडी त्या थराने सांभाळाव्यात आणि वरच्या ॲप्लिकेशनला तयार, समजण्याजोगी माहिती द्यावी.

वॉर्डातल्या सिस्टर

हा थर काय करतो ते समजायला सरकारी रुग्णालयातला कोणताही वॉर्ड पुरेसा आहे. सकाळच्या राउंडला डॉक्टर येतात. चाळीस खाटा, प्रत्येकाचा ताप, नाडी, लघवीचे प्रमाण, सलाइन, रात्री काय झाले. डॉक्टर प्रत्येक थर्मामीटरपाशी जात नाहीत. ते विचारतात, "सिस्टर, बारा नंबरचे काय?" आणि सिस्टर सांगतात, "रात्री दोनदा ताप आला, पहाटेपासून उतरलाय. पण लघवी कमी आहे. नातेवाईक म्हणतात, काही खाल्लेले नाही."

या दोन वाक्यांत मिडलवेअरची सगळी कामे आली. पहिले काम, मोजणाऱ्या साधनाचा तपशील झाकणे. ताप काचेच्या थर्मामीटरने मोजला की डिजिटलने, याच्याशी डॉक्टरांना कर्तव्य नसते. दुसरे काम, कच्च्या आकड्याचा अर्थ लावणे. तक्त्यावरच्या बारा नोंदी 'पहाटेपासून उतरलाय' एवढ्या दोन शब्दांत येतात. तिसरे काम, एकाच रुग्णाविषयीची निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र करणे. ताप तक्त्यातून, लघवी पिशवीवरून, जेवण नातेवाइकांकडून. चौथे काम, कोण कुठे उपलब्ध आहे याची खबर ठेवणे. एक्स-रे यंत्र आज बंद आहे, रक्तपेढीत कोण आहे, मामा स्ट्रेचर घेऊन कुठे गेले आहेत, हे सिस्टरांनाच माहीत असते. डे यांच्या टूलकिटमध्ये या चारही कामांसाठी स्वतंत्र भाग होते.

सिस्टर रजेवर गेल्या की वॉर्ड कसा चाचपडू लागतो, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. यंत्रे तशीच चालू असतात, तक्तेही भरले जातात, पण जोडणारे कोणी नसते.

रोजच्या बारा हजार हाका

जोडणारे कोणी नसले की काय होते, याचे मोजमाप उपलब्ध आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच अतिदक्षता विभागांतील ७७ खाटांच्या मॉनिटरवरील प्रत्येक इशारा ३१ दिवस नोंदवला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता २५,५८,७६०. त्यांतील ३,८१,५६० इशारे ऐकू येणारे होते, म्हणजे दिवसाला बारा हजारांहून अधिक. हृदयाच्या लयीबद्दलचे १२,६७१ इशारे तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, तेव्हा ८८.८ टक्के खोटे निघाले.

इतक्या हाका ऐकल्यावर कान आपोआप बंद होतात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. फरक इतकाच, की इथे खोटे बोलणारा मुलगा एक नसून प्रत्येक खाटेपाशी चार-पाच आहेत, आणि ते कोणतीही लबाडी करत नाहीत. बोटावरचा चिमटा निसटला, रुग्ण कुशीवर वळला, ईसीजीची चकती घामाने सुटली, की प्रत्येक यंत्र आपल्यापुरते प्रामाणिकपणे ओरडते. याला 'अलार्म फटिग', म्हणजे इशाऱ्यांचा शीण म्हणतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये याबाबत खास धोक्याची सूचना काढली. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात तिच्याकडे इशाऱ्यांशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली होती. त्यांतील ८० घटनांत रुग्णाचा मृत्यू झाला.

यावर संदर्भाचा उपाय कितपत चालतो, याचा अंदाज अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या अभ्यासातून येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरीक्षकांनी अतिदक्षता विभागात २०० तास बसून १,२१४ इशारे नोंदवले. त्यांतील फक्त २३ टक्के इशाऱ्यांवर उपयुक्त कृती झाली, ३६ टक्के कुचकामी होते आणि ४१ टक्क्यांकडे कोणी लक्षच दिले नाही. इशारा वाजण्याआधी १९ सेकंद थांबले, तर कुचकामी आणि दुर्लक्षित इशाऱ्यांपैकी ६७ टक्के नाहीसे झाले असते, असा त्यांचा हिशेब होता. कारण तेवढ्या वेळात परिस्थिती आपोआप सुधारलेली असते. रुग्णाची श्वासनलिका साफ करणे, अंग पुसणे, कूस बदलणे अशी कामे चालू आहेत हे यंत्रणेला आपोआप कळले, तर आणखी काही इशारे कमी झाले असते. सिस्टर रुग्णाला आंघोळ घालत असताना तिच्याच कानाशी यंत्राने 'रुग्ण हलतो आहे' असे ओरडण्यात काय अर्थ आहे?

खाट खाली केली आणि रक्तदाब उतरला

खोटा इशारा केवळ त्रासदायक असतो असे नाही, तो चुकीच्या उपचाराकडेही नेतो. अत्यवस्थ रुग्णाच्या धमनीत बारीक नळी घालून रक्तदाब सतत मोजतात. ही नळी एका दाबमापकाला जोडलेली असते आणि तो रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर असावा लागतो. बहुधा तो खाटेशेजारच्या उभ्या दांडीवर लावलेला असतो. आता कोणी खाट २० सेंटिमीटर खाली केली, तर रुग्ण खाली जातो, पण दाबमापक आहे तिथेच राहतो. दर १० सेंटिमीटरला सुमारे साडेसात मिलिमीटर पाऱ्याचा फरक पडतो. म्हणजे सरासरी दाब ७० असलेल्या रुग्णाचा पडद्यावरचा आकडा ५५ दिसेल. यंत्र ओरडू लागेल. घाईत कोणी दाब वाढवणारे औषध वाढवले, तर ठीक असलेल्या रुग्णाचा दाब नको तितका चढेल. खाट वर केली, तर उलटे घडते. खरोखर खालावलेला दाब पडद्यावर चांगला दिसतो आणि कोणीच धावत येत नाही. हा धोका अधिक मोठा, कारण तिथे आवाजच होत नाही.

दाबमापक बरोबर आहे, खाटही बरोबर आहे. खाटेची उंची बदलली ही बातमी मॉनिटरपर्यंत पोचली, तर तो एवढेच म्हणेल, 'दाब बदललेला दिसतो, पण नुकतीच खाट हलली आहे. आधी दाबमापकाची पातळी पाहा.' अनुभवी सिस्टर हेच सांगतात.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञ ज्युलियन गोल्डमन यांनी २००४ पासून चालवलेल्या 'एमडी पीएनपी' या प्रकल्पात अशाच प्रसंगांची यादी करून त्यांवर उपाय बांधले गेले. सुरुवातीला सांगितलेल्या एक्स-रेच्या घटनेवरही त्यांच्याकडे उत्तर आहे. मिनिटाला १२ श्वास असतील, तर एक श्वास पाच सेकंदांचा. त्यात उच्छ्वास संपल्यावर छाती क्षणभर स्थिर असते आणि एक्स-रेला सेकंदाचा अंश पुरतो. व्हेंटिलेटरने श्वासाची स्थिती कळवत राहावे आणि मधल्या सॉफ्टवेअरने नेमक्या त्या क्षणी एक्स-रे यंत्राला खूण करावी. व्हेंटिलेटर थांबवायचाच नाही, म्हणजे तो सुरू करायचे विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा प्रसंग मॉर्फिनच्या पंपाचा. शस्त्रक्रियेनंतर दुखू लागले की रुग्णाने स्वतः बटण दाबून ठरलेली लहान मात्रा घ्यायची, अशी सोय या पंपात असते. मात्रा जास्त झाली, तर श्वास मंदावतो. झोपाळलेला रुग्ण बटण दाबत नाही, ही यातली नैसर्गिक सुरक्षितता. पण मायेपोटी नातेवाईकच बटण दाबत राहिले, की ती संपते. रक्तातील प्राणवायू घसरला की पंप थांबवावा, हा सोपा उपाय वाटतो. मात्र रुग्णाला नाकातून ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास धोकादायकपणे मंदावला तरी प्राणवायूचा आकडा बराच काळ चांगला दिसतो. उलट बोटावरचा चिमटा निसटला, तर सगळे ठीक असूनही आकडा कोसळतो. म्हणून प्राणवायू, श्वासाची गती, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि 'ऑक्सिजन चालू आहे का' ही बाब, हे सारे एकत्र पाहूनच पंप थांबवायचा की सिस्टरला बोलवायचे हे ठरवावे लागते. असे ठरवणारे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने पंप कोणत्या कंपनीचा आहे याची चिंता करत बसू नये, यासाठी मिडलवेअर.

हा थर काम कसे करतो? बऱ्याच ठिकाणी वर्तमानपत्राच्या वर्गणीसारखा. प्रत्येक यंत्र आपली बातमी ठरलेल्या नावाखाली प्रसिद्ध करत राहते. ज्याला ती हवी, तो वर्गणीदार होतो. बातमीदाराला वाचक कोण हे माहीत नसते आणि वाचकाला बातमीदाराचे घर माहीत असावे लागत नाही. एक मॉनिटर बदलून दुसरा आणला, तरी वर्गणी चालूच राहते. अशा जोडणीसाठी २००९ मध्ये अमेरिकेत एएसटीएम एफ २७६१ हे मानक आले. त्यात विमानाच्या ब्लॅक बॉक्ससारखा नोंदी ठेवणारा भागही आहे. काही बिघडले, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे त्यावरून कळावे. त्यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. एकाच खाटेभोवतीच्या यंत्रांत काही मिनिटांचा फरक असणे, ही आजही नवलाची गोष्ट नाही.

निरोपही प्रसंग पाहून

संदर्भाचे भान केवळ अतिदक्षता विभागापुरते नाही. मेक्सिकोतील एन्सेनाडा शहरात सिसेसे या संशोधन केंद्राच्या हेसुस फावेला आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी विमा योजनेच्या रुग्णालयातील कामकाजाचा अभ्यास केला. तिथे निरोप व्यक्तीला कमी आणि प्रसंगाला अधिक दिले जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. 'या रुग्णाचा रक्ताचा अहवाल आला, की रात्रपाळीला जो डॉक्टर असेल त्याला सांगा.' इथे डॉक्टरचे नाव माहीत नाही, वेळही माहीत नाही. त्यांनी तयार केलेल्या यंत्रणेत असा निरोप तसाच लिहून ठेवता येई. अट पूर्ण झाली, की तो योग्य माणसाच्या हातातील उपकरणावर जाई. त्यांचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी बदलताना हरवणारे निरोप हा आपल्याकडील रुग्णालयांचाही जुना आजार आहे.

डेन्मार्कमधील आर्हुस येथे याकोब बार्ड्रम यांच्या गटाने एक खाट तयार केली. औषधांचा ट्रे घेऊन सिस्टर खाटेजवळ आली, की खाटेवरचा पडदा त्या रुग्णाचा औषधांचा तक्ता उघडून ठेवी. ट्रे कोणाचा आणि खाटेवर कोण आहे, हे खाट ओळखत असे. चुकीच्या रुग्णाला औषध जाण्याचा प्रसंग टाळण्याची ही धडपड होती. या कामांतून त्यांना एक धडाही मिळाला. यंत्रणेने परस्पर काही करून टाकण्यापेक्षा, ती माहिती हाताशी आणून ठेवते आणि निर्णय माणसावर सोडते, तेव्हा रुग्णालयात ती अधिक चालते.

भान चुकले तर

इथे सावध राहायला हवे. संदर्भ ओळखणारी यंत्रणा चुकते तेव्हा ती आत्मविश्वासाने चुकते. रुग्ण कुशीवर वळला आहे असे समजून तिने खरा इशारा दाबून टाकला, तर? खोट्या इशाऱ्यांचा त्रास मोठा, पण दाबलेल्या खऱ्या इशाऱ्याची किंमत जीव असू शकते. म्हणून 'माहिती नाही' आणि 'सर्व ठीक आहे' या दोन गोष्टी यंत्रणेने कधीही एक मानू नयेत. सेन्सरकडून बातमी आली नाही, तर गप्प बसू नये, 'बातमी येत नाही' असे सांगावे. वीज गेली, जाळे तुटले, तरी प्रत्येक यंत्र पूर्वीसारखे एकटे चालत राहिले पाहिजे.

दुसरे म्हणजे, मूळ मोजणीच चुकली असेल, तर वर कितीही थर चढवून उपयोग नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील एक पाहणी आली. बोटावरच्या ऑक्सिमीटरने प्राणवायू चांगला दाखवला असताना प्रत्यक्ष रक्तात तो धोकादायक कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते. त्वचेचा रंग हासुद्धा संदर्भच आहे, आणि सावळ्या लोकांच्या देशाने तो विसरून चालणार नाही.

तिसरा प्रश्न खासगीपणाचा. केंब्रिजच्या बिल्ल्यापासून तो आहे. कोण कुठे आहे हे कळले तरच यंत्रणा मदत करू शकते, आणि तेच कळल्याने पाळतही ठेवता येते. सिस्टर किती मिनिटे कोणत्या खाटेपाशी होती, ही माहिती रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतली आणि पुढे तिची हजेरी तपासायला वापरली, तर कर्मचारी बिल्ला खिशात ठेवतील आणि सारी यंत्रणा आंधळी होईल. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्यातील तत्त्व रुग्णालयांत कागदावर न राहता पाळले गेले पाहिजे.

आपल्याकडे काय व्हावे

आपल्या सरकारी रुग्णालयांत यंत्रे एका वेळी, एका कंपनीची येत नाहीत. काही निविदेतून, काही देणगीतून, काही साथीच्या काळात घाईने आलेली असतात. प्रत्येकाची भाषा वेगळी. ती एकमेकांशी बोलू शकतील का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. त्यातून रुग्णाची कागदपत्रे एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग तयार होतो आहे. खाटेशेजारची यंत्रे मात्र अजून त्या मार्गापासून दूर आहेत. निविदेत एक अट घातली तरी मोठे काम होईल. यंत्राने आपली मोजणी खुल्या, सर्वमान्य मानकानुसार बाहेर दिली पाहिजे, आणि त्यासाठी नंतर वेगळे पैसे मागता कामा नयेत. ज्या वॉर्डात सिस्टरांची संख्या कमी, तिथे निरर्थक हाका कमी होणे हा चैनीचा विषय नाही.

तोवर संदर्भ पुरवण्याचे काम माणसांनाच करायचे आहे, आणि त्यात रुग्णाच्या घरच्यांचा वाटा मोठा आहे. अतिदक्षता विभागात यंत्र वाजू लागले, तर ते स्वतः बंद करू नये, सिस्टरला बोलवावे. रुग्णाने नुकतीच कूस बदलली, खोकला आला, चिमटा निसटला, असे काही पाहिले असेल, तर ते सांगावे. वेदनाशामक पंपाचे बटण रुग्णाखेरीज कोणीही दाबू नये.

घरी रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. लघवी लागलेली असेल, तर आधी जाऊन यावे. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. ऑक्सिमीटर लावताना हात गरम आणि स्थिर असावा, नखांवर रंग नसावा आणि आकडा ठरेपर्यंत थांबावे. साखर मोजली, तर शेवटचे जेवण केव्हा झाले ते लिहावे. वहीत आकड्यापुढे आणखी एक रकाना आखून घ्यावा आणि त्यात 'जिना चढून आल्यावर', 'रात्री झोप झाली नाही', 'सकाळची गोळी राहिली' अशी चार शब्दांची नोंद करावी.

ओपीडीत डॉक्टर ती वही उघडतात, तेव्हा त्यांची नजर आधी त्या रकान्याकडे जाते. आकडा घाबरण्यासारखा आहे की नाही, हे तिथूनच कळते.